दोन चोचींची स्की

त्या गुरुवारी फ्योन सुटला होता. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा हा गरम वारा इन्सब्रुकच्या माणसांच्या डोक्यात शिरतो. ट्राममध्ये माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात, दुकानदार चुकीचं सामान बांधून देतात आणि उत्तरेकडचे डोंगर इतके जवळ येतात, की खिडकीतून हात बाहेर काढला तर बर्फाला बोटं लागतील असं वाटतं. बुर्गी सूप ढवळत उभी होती. तिचा बाप कास्सियान, तिचा ताता, खिडकीशी बसून दोन्ही अंगठ्यांनी कपाळ दाबत होता. दर गुरुवारी दुपारी तो प्राड्लमधल्या स्कीच्या कारखान्यातून सायकल मारत विल्टनला तिच्याकडे जेवायला यायचा. अंगाला रेझिनचा, लाकूड चिकटवायच्या रसायनाचा, उग्र वास, मिशीत लाकडाचा भुसा.

"हात धू," ती म्हणाली.

"धुतलेत."

"साबणानं?"

"हा वास साबणानं जात असता, तर तुझी आई अजून इथंच असती. लिन्त्सला कशाला गेली असती?"

दोघं हसली. या विनोदाला वीस वर्षं झाली होती आणि तो आता घरातल्या खुर्चीसारखा झाला होता, बसायला बरा. तिनं वाटीत पावाचे उंडे घातले, वरून सूप ओतलं, कोथिंबिरीसारखी बारीक हिरवी पात भुरभुरली. तो भुरका मारून खात होता. मध्येच चमचा थांबवून त्यानं विचारलं, "नाव सुचलं?" दर वर्षी नव्या स्कीला नाव बुर्गी द्यायची. शाळेत असताना तिनं पहिलं नाव दिलं होतं, 'नापास'. त्यानंतर 'रविवार', 'सावत्र आई', 'हट्ट'. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतली पोरं पायात 'सावत्र आई' अडकवून हवेत उलट्या उड्या मारत होती, याची तिला लायब्ररीत बसल्या बसल्या कधी कधी गंमत वाटायची. "नाही सुचलं अजून," ती म्हणाली. "मग एवढी पुस्तकं वाचतेस कशाला?" असं म्हणून त्यानं वाटी पुढे केली. जेवण झालं. दाराशी बूट चढवताना, खाली वाकलेला असतानाच तो म्हणाला, "येतेस का जरा? नवा पिवळा रंग आलाय. बघून तर घे." ती म्हणाली, "दोन वाजता लायब्ररीत पोचायचंय, ताता." "बरं," तो म्हणाला. खिडकीतून तिनं त्याला जाताना पाहिलं. एक हात टोपीवर, एक हात हँडलवर, समोरून वारा. मग ती भांडी घासायला लागली आणि वाटी हातात असताना तिच्या लक्षात आलं, की त्यानं तिला कारखान्यात बोलावलं होतं. मोठी झाल्यापासून त्यानं तिला कधीच बोलावलं नव्हतं. नळ वाहत राहिला. काहीतरी हललं होतं, एवढंसं, भिंतीवरची तसबीर किंचित तिरकी व्हावी तसं. पुढच्या गुरुवारी त्याच्याबरोबर जायचं असं तिनं ठरवलं आणि ठरवल्याचा आनंद घेऊन ती कामाला गेली. तो आनंद खरा होता. पुढं काय झालं त्यामुळं तो खोटा ठरत नाही, असं ती नंतर स्वतःला अनेकदा सांगत राहिली.

शुक्रवारी सकाळी प्रेसमध्ये, दाबायच्या यंत्रात, स्की तापत ठेवून तो बाकावर बसला. रोमेडला, तरुणपणापासूनच्या त्याच्या जोडीदाराला, वाटलं की तो प्रेस निवायची वाट बघतोय. तो नेहमीच तसा बसायचा, हनुवटी छातीला टेकवून. प्रेस निवली, स्की बाहेर निघाल्या, रोमेडनं त्या हातांनी वाकवून पाहिल्या, "कास्सी, ही जमली बघ," म्हणाला, आणि उत्तर आलं नाही.

तिरोलमध्ये माणूस गेला की त्याचा फोटो असलेलं छोटं कार्ड छापतात आणि चर्चमध्ये आलेल्यांना वाटतात. लोक ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात. तर ताताचा फोटोच सापडेना. फोटो शेकड्यांनी होते, पण एकात तो हवेत खाली डोकं वर पाय, दुसऱ्यात चेहऱ्यावर मोठा चष्मा, तिसऱ्यात उलटा उतरताना त्याची नुसती पाठ. पाद्रीबाबा म्हणाले, "अहो, देवाला तरी ओळखू यायला हवा." शेवटी व्रोनीनं, जी एके काळी ताता आणि रोमेडबरोबर स्पर्धांमध्ये उतरायची आणि आता त्यांच्या 'डोले' स्कींची विक्री बघत होती, एक जुना फोटो काढला. त्यात तो चष्मा कपाळावर सरकवून कुणाकडे तरी बघत हसत होता. "कुणाकडे बघतोय?" बुर्गीनं विचारलं. व्रोनी म्हणाली, "मला काय माहीत? सॉसेज विकणाऱ्याकडे असेल." त्या दिवशी बुर्गी चर्चमध्ये रडली नाही. तिनं खूप वाचलं होतं, शोकाबद्दलही वाचलं होतं. शोक येईल तेव्हा आपण त्याला ओळखू, अशी तिची समजूत होती. तो आला तो कसाही, भलत्या वेळी. लायब्ररीत कुणी परत केलेल्या पुस्तकाला डिंकाचा वास आला की यायचा. आणि येताना दरवेळी थोडी ऊबही आणायचा, ज्याची तिला सुरुवातीला लाजच वाटली.

कारण त्या वासाबरोबर तिला ते जुनं गॅरेज आठवायचं, ताता आणि रोमेड दोघंही तिशीच्या अलीकडचे. दोघं स्की फेडरेशनच्या संघातून स्पर्धांत बर्फाच्या टेकाडांच्या उतारावर उतरायचे. मग कधीतरी त्यांना वाटायला लागलं, की उडी मारून पाठमोरं उतरता आलं पाहिजे, पाठमोरंच उडी मारता आली पाहिजे, आणि त्यासाठी स्कीचं मागचं टोकही पुढच्यासारखं वर वळलेलं पाहिजे. ज्या कंपनीच्या स्की ते वापरत तिथल्या लांबलचक टेबलाशी ते दोघं टोप्या हातात धरून उभे राहिले. कोट घातलेल्या माणसांनी विचारलं, "मागं जायला स्की कुणाला लागते?" आणि सगळे हसले. त्यांतला एकही माणूस त्या हिवाळ्यात बर्फावर उतरलेला नव्हता, हे ताता नंतर आयुष्यभर सांगायचा, राग ओसरून गेल्यावरसुद्धा, चवीनं. त्यांनी संघ सोडला. रोमेडच्या मामाच्या गावच्या अग्निशमन दलानं टाकून दिलेला पाण्याचा पाइप आणला. दोन लोखंडी तुळयांमध्ये तो पाइप ठेवून त्यात हवा भरायची, की खालच्या साच्यातलं लाकूड, काचेचं कापड आणि रेझिन दाबलं जायचं. हीच त्यांची पहिली प्रेस. पहिल्या दिवशी पाइप फुटला आणि ताताच्या भुवया आठवडाभर चिकट राहिल्या. स्कीचा रंग काळा, टोकं पिवळी, नाव 'डोले'. डोले म्हणजे डोंगरातला तो काळा पक्षी, पिवळ्या चोचीचा, जो वादळी वाऱ्यात विनाकारण मागं-पुढं गोते खात खेळतो. त्यांच्या पक्ष्याला दोन्ही टोकांना चोच होती.

पहिली दोन वर्षं दुकानदार त्या स्की हातात धरून वळवून बघायचे आणि परत द्यायचे. "बिघडलेला माल आहे," एकानं तर सरळ सांगितलं. मग रोपवेच्या पायथ्याशी गाडीची डिकी उघडून विक्री सुरू झाली. पोरं यायची, हाताळायची, एक फेरी मारून यायची आणि परतच करायची नाहीत. कुणीतरी डोलेवरून उतरताना चित्रफीत काढली, ती हातोहाती फिरली, आणि मग तेच दुकानदार फोन करायला लागले. तेव्हा ती चूक झाली, जिच्यावर पुढं सगळा डोलारा उभा राहिला. पश्चिमेकडच्या एका दुकानानं मोठी खेप घेतली आणि तिथल्या माणसानं बूट अडकवायचे खटके सगळ्याच्या सगळ्या स्कींवर उलटे बसवले, पुढचं टोक मागं समजून. त्याचाही दोष नव्हता. दोन्हीकडे चोच असलेला पक्षी कुठं बघतोय, हे त्यानं कसं ओळखावं? खेप विकली गेली. हिवाळा अर्धा सरला तरी कुणाची तक्रार नाही. मग त्यांतली एक जोडी कडा घासून घ्यायला गॅरेजमध्ये आली. दहा वर्षांची बुर्गी प्रेसखालच्या जागेत बसून वाचत होती. तिथं ऊब असायची. ती बाहेर डोकावली आणि म्हणाली, "ताता, यावर 'डोले' उलटं लिहिलंय." रोमेड म्हणाला, "गप वाच." ताता वाकला. त्यानं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि खाली बसून असा हसायला लागला, की रोमेडला वाटलं याला फ्योन लागला. संध्याकाळी तो ती उलटी जोडी घेऊन उतारावर गेला. परत आला तेव्हा डोळ्यांत काहीतरी लकाकत होतं. "मागं जाताना ती जास्त खरी वाटते," तो म्हणाला. पुढच्या वर्षी त्यांनी अशी स्की काढली, जिच्यावर चूक करताच येत नव्हती, दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी, खटके बरोबर मध्यात. तिला बुर्गीनं नाव दिलं 'रविवार'. ती तिकडे अमेरिकेत, जपानमध्ये गेली. गॅरेज सुटलं, प्राड्लमधली बंद पडलेली सुतारकामाची वखार घेतली. वखारीत टेबल आलं, आणि टेबलाबरोबर नियम आला, ताताचा नियम. हिवाळ्याच्या शेवटी टेबलाशी बसून पुढच्या वर्षाचं सगळं ठरवायचं, पण नवी स्की घालून जो उतरला नाही त्यानं त्या टेबलाशी तोंड उघडायचं नाही. मग तो मालक असो, नाहीतर अजून कुणी.

बुर्गी त्या टेबलाच्या कोपऱ्याशी बसायची. कॉफी द्यायची, ऐकायची. चौदाव्या वर्षी तिनं स्कीइंग सोडलं होतं. त्यामागं अपघात नव्हता, भांडण नव्हतं. एका शनिवारी रोपवेच्या वरच्या खोलीत ती वाचत बसली आणि खाली उतरायची वेळ झाली तरी पुस्तक संपलं नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "मी पाळण्यातूनच खाली येते." ताता म्हणाला, "तुझं तुझ्यावर." आणि त्यानंतर त्यानं कधीच, कधीच काही विचारलं नाही. चल म्हणाला नाही, का म्हणून विचारलं नाही. कॉलेज झालं, लायब्ररीतली नोकरी लागली, ती तिला आवडायचीही. पण कारखान्यातून घरी जाताना दरवेळी तिला वाटायचं, की आपल्याला कुणी थांब म्हणालं नाही. बाप ज्यांच्याशी दिवसभर बोलतो ती माणसं वेगळी, आपण गुरुवारच्या. यात दुःख होतं असंही नव्हतं. असतो एखादा दात जरा वाकडा, जीभ जाऊन जाऊन त्यालाच लागते.

आता तो गेल्यावर टेबलाशी त्याची जागा मोकळी होती. डोलेत मालकी काम करणाऱ्याकडेच राहायची. गेलेल्याचा वाटा मुलीला मिळणार, पण तिनं येऊन काम केलं तर. नाहीतर तो उरलेल्यांत जाणार आणि तिला त्याचा मोबदला. मार्चमधल्या टेबलाशी हे ठरायचं होतं. खरं तर सगळ्यांनी ते मनात ठरवूनच टाकलं होतं. "तू अजिबात काळजी करू नकोस गं," व्रोनी फोनवर म्हणाली, "तुला काही त्रास होणार नाही, आम्ही बघतो सगळं." तिच्या आवाजात माया होती आणि म्हणूनच बुर्गी नुसतं "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर ती पुस्तकांच्या मांडण्यांमधून उगाच हिंडत राहिली. आपल्याला तिथं जायचंय हे तिला माहीत होतं. पण ही इच्छा कुणाची? तो गेला म्हणून ही आली असेल, तर ती त्याच्या कोटासारखी आहे, काही दिवस अंगात घालायची, वास गेला की काढून ठेवायची. अशा इच्छेवर कुणाची जागा घ्यायची का? या एका प्रश्नाशी तिचा हिवाळा गेला.

फेब्रुवारीत ती त्याची सायकल आणायला वखारीत गेली. रोमेड एकटाच होता, कडा घासत. त्यानं यंत्र थांबवलं नाही, नुसता मानेनं बाक दाखवला. तोच बाक. ती बसली. त्याच्या पाठीकडे बघत तिनं विचारलं, "रोमेड, त्यानं मला कधी विचारलं का नाही?"

"काय?"

"इथं ये म्हणून."

रोमेडनं यंत्र बंद केलं. "घ्या! म्हणजे त्यानं तुला कधीच सांगितलं नाही?"

"काय सांगितलं नाही?"

"मी त्याला दर वर्षी म्हणायचो, अरे गाढवा, पोरीला विचार. नावं तीच देते, डोकं तिचं बरं चालतं. तर म्हणायचा, विचारलं की ती हो म्हणेल. बापासाठी म्हणेल. मग मी माझा बाप झालो की रे." रोमेडनं हातमोजे काढले. "म्हातारा ठाऊक आहे ना तुला, त्याचा बाप? पाच वर्षांच्या पोराला उतारावर सोडून खाली घड्याळ घेऊन उभा राहायचा. कास्सीनं शपथच घेतली होती, मुलीला काही विचारायचं नाही. आपणहून आली तर मात्र..."

"तर?"

"तर काय, नाचला असता. त्याला नाचता यायचं नाही ती गोष्ट वेगळी."

ती हसली आणि हसता हसता तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. रोमेडनं पुन्हा यंत्र सुरू केलं, कदाचित तिच्यासाठीच. घरी जाताना सायकलवर तिला वाटलं, की आपण दोघं एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे होतो, आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून दोघांनीही टकटक केली नाही. किती सभ्य माणसं! राग यायला हवा होता. पण नदीकाठी ऊन होतं, पुलावर कुणीतरी बेसूर ट्रम्पेट वाजवत होतं, आणि तिला बरं वाटत होतं. नको तितकं बरं. आणि तरी प्रश्न तसाच उरला. बापासाठी हो म्हणेल, असं तो म्हणाला होता. आता तो नसताना ती कुणासाठी म्हणणार होती?

टेबलाच्या दिवशी सकाळी ती व्रोनीचे बूट मागून, नवी स्की खांद्यावर टाकून झेग्रुबच्या उतारावर गेली. व्रोनी बरोबर आली, कारण एवढे महागाचे बूट ती कुणाच्या भरवशावर सोडणारी नव्हती. रोमेडही आला. वर ऊन चकचकत होतं, खाली सगळं शहर आणि मधून नदी. बुर्गीनं स्कीची पुढची टोकं जुळवून पाचर केली, लहान मुलं करतात तशी, आणि निघाली.

"अगं, आजीबाईसारखी काय वाकलीस!" व्रोनी मागून ओरडली. "पुढचं टोक कुठलं ते तरी माहितीये ना?"

"दोन्ही पुढचीच आहेत!"

"बोलता येतंय म्हणजे पडणार नाही ही," रोमेड म्हणाला, आणि त्याच क्षणी ती पडली. उठली. बर्फ मऊ पडला होता, वसंतातला, मिठासारखा दाणेदार. अर्ध्या उतारावर एका वळणाला तिचा तोल गेला, स्की गर्रकन फिरल्या आणि ती पाठमोरी घसरायला लागली. समोर डोंगर, वर, आपल्यापासून हळूहळू दूर जाणारा, आणि पाठीमागं शहर, न दिसणारं. ओरडायला हवं होतं. पण पायाखालची वस्तू शांत होती. मागचं टोक बर्फात रुतत नव्हतं, तरंगत होतं. पायाच्या तळव्यांतून एक बारीक थरथर वर येत होती आणि ती थरथर तिच्या ओळखीची होती. प्रेसखाली बसून वाचताना पाठीला लागायची तीच. तेव्हा डोक्यावर पाइपात हवा भरली जायची, लाकूड करकरायचं, ताता आणि रोमेड एकमेकांना शिव्या द्यायचे, आणि ती पान उलटायचं विसरून वर चाललेलं ऐकत राहायची. पान उलटायचं विसरून! एवढी पुस्तकवेडी मुलगी. मोठी झाल्यावर आपण इथंच असू, याबद्दल त्या मुलीच्या मनात शंकाच नव्हती. ठरवलंही नव्हतं, आपण श्वास घेणार हे कुणी ठरवतं का? ताता तेव्हा तरुण होता, जिवंत होता, त्याच्या जाण्याशी त्या मुलीचा काही संबंध नव्हता. बुर्गी पाठमोरी सपाटीपर्यंत आली, थांबली आणि बर्फात बसकण मारून हसत सुटली. व्रोनीनं येऊन आधी बूट तपासले, मग तिला.

"लागलं का?"

"नाही."

"मग हसतेस काय वेड्यासारखी? तुझा बाप अस्साच बसायचा."

दुपारी वखारीत सगळे जमले. कुणीतरी केक आणला होता, कुणीतरी डुकराच्या मांसाचे पातळ काप. नव्या स्कीची जोडी टेबलावर मध्यभागी आडवी ठेवली होती आणि ताताची खुर्ची कुणी हलवली नव्हती, तिच्यावर कोटही टाकले नव्हते. बुर्गीनं सवयीनं कॉफीची किटली उचलली, तर रोमेडनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच ओतायला लागला, सांडत. व्रोनीनं विचारलं, "चला, कोण कोण उतरलं?" हात वर झाले. कोपऱ्यातून बुर्गीचाही झाला. टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी खुदकन हसलं.

"मी पाहिलंय," रोमेड म्हणाला. "वाईट उतरली. पण उतरली."

"मीही पाहिलंय," व्रोनी म्हणाली. "माझे बूट होते." तिनं बुर्गीकडे पाहिलं, यावेळी जरा निराळं, अंदाज घेत. "मग बोल बाई. आज तुला बोलता येतं. कास्सीच्या वाट्याचं काय करायचं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. मनात तिनं चांगली वाक्यं जुळवून आणली होती, नीट, पुस्तकातल्यासारखी. त्यांतलं एकही आठवलं नाही आणि आठवायची गरजही वाटली नाही. बाहेर कुणीतरी लाकडं उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मला इथं काम करायचंय," ती म्हणाली. "तो होता तेव्हाच करायचं होतं. त्यानं विचारावं म्हणून मी थांबले होते, आणि मी त्याला हे कधीच सांगितलं नाही. ताता, मला यायचं होतं."